नजरेचं प्रमाणपत्र

मराठी भाषेतला सर्वांत चकवा देणारा शब्द कोणता, असं मला कुणी विचारलं (अजून कुणी विचारलेलं नाही, पण आपली तयारी असावी), तर मी 'प्रमाण' हा शब्द सांगेन. डॉक्टर म्हणतात, "सगळं खा, पण प्रमाणात." स्वतःची फी मात्र ते आकड्यात सांगतात. पाककृतीच्या पुस्तकात बटाटे पाव किलो, तेल दोन पळ्या, मिरच्या सहा, असं वाण्याच्या यादीसारखं चोख लिहिलेलं असतं, आणि ऐन मिठाच्या जागी 'योग्य प्रमाणात' एवढं लिहून लेखिका अंतर्धान पावते. शिंपी 'अंगाच्या प्रमाणात' शर्ट शिवतो; कुणाच्या अंगाच्या, ते शर्ट घरी आल्यावर कळतं. थोडक्यात, हे प्रमाण सगळ्यांना हवं असतं, पण म्हणजे नेमकं किती, ते कुणीच सांगत नाही.

आता मी पडलो वाणिज्य शाखेचा पदवीधर. गुणोत्तर आणि प्रमाण ही मंडळी माझ्या खास ओळखीतली. अ, ब आणि क या तीन भागीदारांनी (या तिघांनी आयुष्यभर भागीदारीशिवाय दुसरं काही केलं नाही) नफा ३:२:१ या प्रमाणात वाटून घेतला तर 'ब'च्या वाट्याला किती, हे मी झोपेत सांगू शकतो. बँकेत असल्यामुळे कधीकधी सांगितलंही आहे. पण वहीतलं प्रमाण वेगळं आणि डोळ्यांना कळतं ते वेगळं. आडनाव एक असलं म्हणून दोघे भाऊ ठरत नाहीत. हा फरक मला चाळिशी उलटल्यावर समजला, आणि तोही आमच्या पापडीत, एका सुताराच्या पडवीत, तंबाखू ओढायचा पाइप कोरता कोरता.

'तंबाखू ओढायचा' हे आधी स्पष्ट केलेलं बरं. कारण वसई-विरारकडे पाइप या शब्दाला एकच अर्थ आहे. त्यातून पाणी येतं किंवा येत नाही. तलावाजवळ भेटलेल्या एका शेजाऱ्यांना मी सहज म्हणालो, "सध्या पाइपचं काम चाललंय." त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि विचारलं, "सूर्याचं पाणी आपल्या बिल्डिंगला वाढवून मिळणार का हो?" तंबाखूचा पाइप म्हटल्यावर त्यांनी हात सोडला आणि 'तुम्हीसुद्धा?' अशा नजरेनं माझ्याकडे पाहिलं. म्हणून खुलासा करतो की मी साधी सुपारीदेखील खात नाही. चहाचं व्यसन आहे, पण ते प्रमाणात.

हे सगळं घडलं ते आमच्या शेजारच्या अंकलमुळे. अंकल जहाजावर इंजिनिअर होते. जगातल्या यच्चयावत बंदरांत त्यांनी पाइप ओढला, आणि निवृत्तीनंतर पापडीला येऊन, घरामागच्या केळीच्या वाडीकडे तोंड करून, व्हरांड्यात तोच कार्यक्रम पुढे चालू ठेवला. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या छातीत दुखलं. डॉक्टरांनी सगळे कागद तपासून सांगितलं, "तंबाखू बंद." अंकलनी आशेनं विचारलं, "म्हणजे प्रमाणात?" डॉक्टर म्हणाले, "शून्य." प्रमाणाला आकडा देणारा मी ऐकलेला हा पहिला डॉक्टर.

अंकल दर्यावर्दी माणूस. हुकूम म्हणजे हुकूम. घरी येऊन त्यांनी पाइप टेबलावर इतक्या जोरात ठेवला की त्याच्या वाटीला उभी चीर गेली. तंबाखू त्या दिवसापासून सुटली. पण चाळीस वर्षं जो हात दर दहा मिनिटांनी तोंडाकडे जात होता, त्याला हे कोण सांगणार? तो जातच राहिला. पाइप नाही म्हटल्यावर त्या हातात चष्म्याची काडी आली, चमचा आला, टीव्हीचा रिमोट आला. पापडीचं आमचं चर्च १९९८ साली वसईचा धर्मप्रांत झाल्यापासून कॅथीड्रल आहे. तिथे रविवारी मिस्साच्या वेळी गायनाचं पत्रक गुंडाळून अंकलनी ओठांत धरलं, तेव्हा आंटीनं त्यांना कोपरानं ढोसल्याचं मागच्या दोन रांगांनी पाहिलं.

एका संध्याकाळी अंकलनी मला बोलावून कपाटातून एक लाकडाचा ठोकळा काढला. कपडे धुण्याच्या साबणाच्या दोन वड्या एकावर एक ठेवल्या तर होईल एवढा. "जेनोआला घेतला होता," ते म्हणाले. "म्हटलं होतं, रिटायर झालो की स्वतः कोरीन. आता हात थरथरतो. तू मिस्त्रीकडे जाऊन बसतोस ना रविवारी? मला वाटी करून दे. नळी जुनीच लावू. ओढणार नाही रे, नुसता धरणार."

मी ठोकळा घेऊन फाटकापर्यंत आलो, तर मागून आंटी आली. तिनं हळूच सांगितलं, "पाइप कर बाबा, माणूस वेडा व्हायला आलाय. पण आरपार भोक पाडू नकोस. भोक असलं की एक दिवस त्यात तंबाखू जाणार."

झाली पंचाईत! बँकेत जॉइंट खात्याच्या बाबतीत आमचा नियम सोपा आहे. एक खातेदार 'द्या' म्हणाला आणि दुसरा 'देऊ नका' म्हणाला, तर व्यवहार थांबवायचा आणि दोघांची सही आणायला सांगायची. इथे तशी सोय नव्हती. ठोकळा खिशात होता.

मिस्त्रीकाकांची पडवी म्हणजे माझं रविवारचं देऊळ. मूर्ती नाही, पण वास चांगला असतो. सागवानाचा भुसा, सरस आणि बिनदुधाचा चहा. काकांनी आयुष्यभर दारं, देव्हारे, चर्चमधली बाकं आणि खाटा केल्या. अलीकडे दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यामुळे बारीक काम त्यांनी सोडलं होतं. मुलगा मॉड्युलर किचन बसवतो, आणि तो जे बसवतो त्याला काका 'खोका' म्हणतात. ठोकळा त्यांनी हातात घेतला, नखानं टोकरला, नाकाला लावला, वजन केलं आणि विचारलं, "हे झाड कुठलं?"

त्याची माहिती मला अंकलनी दिली होती. याला ब्रायर म्हणतात. भूमध्य समुद्राच्या काठाला डोंगरउतारांवर एरिका जातीचं एक झुडूप होतं. त्याच्या खोडाच्या आणि मुळांच्या मध्ये, जमिनीत, एक गाठ वाढते. ती गाठ म्हणजे ब्रायर. ती खणून काढतात, कापतात, तासन् तास पाण्यात उकळतात आणि मग महिनोन् महिने वाळवतात. एवढे हाल सोसल्यावर ते लाकूड निखाऱ्याला भीक घालत नाही. फ्रान्समधलं सँ-क्लोद नावाचं गाव एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून या पाइपांवर जगलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जमिनीखालची गाठ, उकळली, वाळवली, मग शहाणी झाली. माणसासारखंच आहे." मग ठोकळा परत माझ्या हातात देऊन म्हणाले, "हात तुझे, डोळे तुझे, शिव्या माझ्या. पण याला आज हात लावायचा नाही. आधी साबण आण."

पाइप या वस्तूशी आपल्या मुलखाचा संबंध तसा जुना. पोर्तुगीजांना वसई मिळाली १५३४ साली, आणि तंबाखूचं रोपटं हिंदुस्थानात आणलं ते त्यांनीच. पण तंबाखू दिल्ली-आग्र्याकडे नीट पोहोचली ती विजापुरावरून. असद बेग नावाचा अकबराचा वकील विजापूरला गेला होता. त्यानं तिथे ही नवलाई पाहिली आणि अकबराच्या अखेरच्या काळात, १६०५च्या आसपास, ती दरबारात नेली. सोबत एक पाइपही करवून घेतला. त्याची नळी तीन हात लांब, दोन्ही टोकांना जडावकाम आणि मिनाकारी, तोंडात धरायला यमनी अकीक, आणि जाळायला सोन्याची वाटी. बादशहानं दोनचार झुरके घेतले न घेतले तोच हकीम मध्ये पडला आणि म्हणाला, हे नको. चारशे वर्षांत वैद्यकशास्त्रानं एवढी प्रगती केली, पण या बाबतीतला सल्ला तोच राहिला. अकबरानं ऐकलं. सरदारांनी ऐकलं नाही, म्हणून १६१७ साली जहांगीरानं तंबाखूवर बंदी घातली, आणि ती किती पाळली गेली हे आपल्याला कुठल्याही पानपट्टीवर दिसतं.

मला मात्र त्या तीन हात नळीचं कोडं पडलं होतं. तीन हातांची नळी दरबारात शोभते. लोड आहेत, गालिचा आहे, मागे धरायला नोकर आहे. तीच आमच्या अंकलच्या व्हरांड्यात केळीच्या घडात अडकली असती. म्हणजे मोठं काय नि लहान काय, हे वस्तूच्या एकटीच्या अंगात नसतंच. कशाशेजारी, कुणाच्या हातात, त्यावर ते ठरतं. एवढं तत्त्वज्ञान सुचेपर्यंत मी साबणाच्या तीन वड्या संपवल्या होत्या.

साबणाचा उपदेश फार पोटातून आलेला होता. साबण मऊ, स्वस्त, आणि कोरून झाल्यावर फुकट जात नाही. पुढचे दोन महिने आमच्या न्हाणीघरात पाइपच्या आकाराचे साबण होते. सौ. म्हणाली, "धुणं होतंय, पण कॉलरला हे वाटीचं भोक लागतं." बेल्जियमच्या मागरीत या चित्रकारानं १९२९ साली पाइपचं एक हुबेहूब चित्र काढलं आणि त्याखाली लिहून ठेवलं की हा पाइप नव्हे. जगभरच्या विद्वानांनी त्यावर ग्रंथ लिहिले. माझ्या साबणाकडे बघून माझ्या मुलीनं तेच विधान एका क्षणात केलं, आणि तिच्यावर कुणी एक ओळ लिहिली नाही.

या पाइपांत घराणी आहेत. ॲपल, डब्लिन, पॉट, पोकर, कॅनेडियन, बुलडॉग. (बुलडॉग ओढायचा की बांधून ठेवायचा, असा प्रश्न सौ.ला पडला.) शेरलॉक होम्सच्या तोंडात आपण जो गळ्याच्या घाटीसारखा वाकडा कॅलाबॅश पाहतो, तो त्याला नाटका-सिनेमांनी दिला. कॉनन डॉइलच्या गोष्टींत तो मातीचे, ब्रायरचे आणि चेरीच्या लाकडाचे पाइप ओढतो. या सगळ्या घराण्यांचा मूळपुरुष म्हणजे बिलियर्ड. सरळ दांडी, तिला काटकोनात उभी वाटी, बस्स. लपायला जागा नाही. बुलडॉगला कंगोरे असतात, डब्लिनला उतार असतो, तिथे डोळा रमतो आणि दोष विसरतो. बिलियर्डमध्ये डोळ्याला दुसरं कामच नसतं.

बिलियर्डचा ठोकताळा असा की वाटीची उंची आणि दांडीची लांबी साधारण सारखी, आणि लाकूड जेवढं लांब तेवढीच पुढे नळी. हिशेबाला हा ठोकताळा इतका सुरेख की माझ्यातला कारकून आनंदानं उभा राहिला. मी पट्टी लावून, वाटी पंचेचाळीस मिलिमीटर आणि दांडी पंचेचाळीस मिलिमीटर, असा साबण कोरला आणि काकांपुढे ठेवला. त्यांनी तो उजेडाकडे धरला, डोळे किलकिले केले आणि म्हणाले, "वाटी उंच आहे."

"काका, पट्टी लावलीय. दोन्ही सारखे."

"पट्टी लावलीस ना? मग पट्टीलाच ओढायला दे."

मी पुन्हा पाहिलं, तर वाटी खरोखर उंच दिसत होती. पुढे कळलं की हा माणसाच्या डोळ्याचा जुना स्वभाव आहे. उभी आणि आडवी अशा दोन अगदी सारख्या रेघा शेजारी काढल्या तर उभी रेघ लांब वाटते. काका हे शास्त्र शिकलेले नाहीत, पण त्यांनी चाळीस वर्षं दारांच्या चौकटी उभ्या केल्यात. ते एवढंच म्हणाले, "सारखं असून उपयोग नाही, सारखं दिसलं पाहिजे." आम्हा बँकवाल्यांच्या जिवाला हे लागतं. आमच्याकडे सारखं असलं की झालं. ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळल्या की तो दिसायला कसाही चालतो, आणि बहुधा तसाच दिसतो.

मग नजरेची शिकवणी सुरू झाली. तिला ना पुस्तक ना परीक्षा. पहिला धडा म्हणजे वस्तू उलटी धरून बघायची. उलटी केली की तो पाइप राहत नाही, नुसता आकार होतो, आणि आकाराच्या बाबतीत आपण भिडस्त नसतो. दुसरा धडा, खिडकीत उजेडासमोर धरून नुसती काळी सावली बघायची. तिसरा, रात्री काम झाकून ठेवायचं आणि सकाळी बघताक्षणी जे पहिलं खटकेल तेच खरं धरायचं. दुसऱ्या मिनिटाला डोळा समजूत घालायला लागतो. चौथ्या धड्यासाठी काकांनी मला वसईच्या किल्ल्यात पाठवलं. चिमाजी अप्पांनी १७३९ साली हा किल्ला घेतला. आत पोर्तुगीजांच्या चर्चचे अवशेष अजून उभे आहेत. अर्धगोल कमानी, वर छप्पर नाही. "कमान बघू नको," काकांनी बजावलं होतं, "कमानीतलं आकाश बघ."

भर दुपारी, प्री-वेडिंगचे फोटो काढणाऱ्या तीन जोडप्यांच्या मधून वाट काढत, मी कमानीतलं आकाश बघत उभा होतो. फोटोग्राफरनं दोनदा "अंकल, फ्रेममधून बाजूला" असं सांगितलं. पण पाऊण तासानं काहीतरी झालं खरं. दगड मागे गेला आणि आकाशाचा एक तुकडा, वर गोल, खाली सरळ, पुढे आला. तो तुकडा इतका बेतशीर होता की कमान त्याच्यासाठीच बांधली असावी. दुसऱ्या दिवशी साबण बघताना मी पहिल्यांदा साबण पाहिला नाही. वाटी आणि दांडी यांच्या कोनात अडकलेली रिकामी जागा पाहिली. ती फताडी होती. कानस कुठे लावायची ते त्या रिकाम्या जागेनंच सांगितलं.

आणि मग लक्षात आलं की ही विद्या अगदीच परकी नव्हे. बावीस वर्षं मी चेकवरच्या सह्या पडताळतोय. पूर्वी कार्ड काढून शेजारी धरायचो, आता दोन्ही सह्या पडद्यावर येतात. खोटी सही करणारा अक्षरं चुकवत नाही. वेलांट्या, टिंबं, खालची रेघ, सगळं तो मन लावून काढतो. त्याचं फसतं ते अक्षरांच्या मधल्या जागेत, पहिलं अक्षर बाकीच्यांपेक्षा किती उंच आणि शेवटचा फर्राटा किती लांब, इथे. उलट पेन्शनर मंडळींची सही वर्षागणिक थरथरत जाते, अक्षरं मोडतात, रेघ वाकते. पण त्या मोडक्या सहीतही उंची-लांबीचं नातं तेच राहतं. पाच अक्षरं ओळखू येत नसताना मी ती सही खात्रीनं पास करतो. म्हणजे बावीस वर्षं मी प्रमाणच बघत होतो. पगार मात्र लिपिक म्हणून घेत होतो.

काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग मूर्तीचं माप तुला कळेल." आपल्या शिल्पशास्त्रात तालमान म्हणून एक पद्धत आहे. मूर्ती किती फूट-इंच, हा प्रश्नच नाही. मूर्तीचा स्वतःचा चेहरा म्हणजे एक ताल, त्याची बारा अंगुळं. आणि उभी मूर्ती नवताल असेल तर अशा नऊ चेहऱ्यांएवढी, म्हणजे एकशे आठ अंगुळं. मूर्ती वीतभर असो की वाडाभर, मोजायची पट्टी तिच्याच अंगात असते. "तुझ्या पाइपचा चेहरा कुठला?" काकांनी विचारलं.

मी खिशातून अंकलची जुनी नळी काढली. एबोनाइटची, म्हणजे कडक केलेल्या रबराची, काळी, आणि टोकाला अंकलच्या दातांचे दोन खोल ठसे. या सगळ्या मामल्यात बदलता न येणारी वस्तू ही एकच होती. ती सात सेंटिमीटर होती. तेव्हा लाकूडही त्याच बेताचं, दांडीची जाडी तिला जुळणारी, आणि वाटी दांडीला जुळणारी. अंकलच्या दातांपासून निघालेलं माप वाटीच्या काठापर्यंत जाऊन पोहोचलं.

राहिलं भोक. आंटीची अट मी काकांपुढे ठेवली. मनातून माझा कल तिच्याकडे होता. माणसाचं हृदय एकदा दुखून गेलेलं, कशाला विषाची परीक्षा? वाटी वरून थोडी खोल करावी, धुराची वाट पाडूच नये, बाहेरून कुणाला कळतंय? सौ.चंही मत तेच पडलं. काकांनी चहा संपवला आणि म्हणाले, "पाइपला कोरायला सुरुवात कुठून करतात?"

हे मी वाचलेलं होतं. बहुतेक ठिकाणी आधी आतलं काम उरकतात. तंबाखूची वाटी साधारण वीस मिलिमीटर रुंद, धुराची वाट चारएक मिलिमीटर, आणि ती बरोबर वाटीच्या तळाशी जाऊन उघडली पाहिजे. मग त्या पोकळीभोवती बाहेरचा आकार बसवायचा. कोपनहेगनचा सिक्स्टेन इव्हार्सन (१९१०–२००१) हा पाइप-दुरुस्तीतून वर आलेला कारागीर. त्यानं ही रीत उलटी केली. आधी लाकडाच्या रेषा बघून आकार, मग भोक. तेवढी छाती आणि तेवढा डोळा असला तर तसंही करता येतं.

"म्हणजे आधी करा की मागून करा, आत पोकळी आहेच," काका म्हणाले. "तिच्यामुळे बाहेरचा घाट आहे. आत भरीव ठेवशील तर हात बाहेर खोटं बोलायला लागेल. वजन चुकेल. त्याच्या दातांना पहिल्या झटक्यात कळेल. आणि मग तो काय करेल? बाजारातून दुसरा आणेल, तो आरपार असेल." थोडं थांबून ते म्हणाले, "तंबाखू सोडली ती त्यानं. तू लाकडात बूच मारून त्याच्याकडून काय सोडवणार?"

भोक पाडलं. ड्रिलवर काकांचा मुलगा होता, ठोकळ्यावर माझे हात होते, आणि काका कानानं ऐकत होते. बँकेत चुकीची नोंद पडली तर उलट नोंद टाकता येते. लाकडात उलट नोंद नाही. काढलेला भुसा परत जमा होत नाही. म्हणून पुढचे सहा रविवार मी इतकं थोडं थोडं काढत होतो की काकांच्या सूनबाईंनी पडवी झाडायचं बंद केलं. चौकोनाचा अष्टकोन, अष्टकोनाचे सोळा पैलू, सोळाचा गोल. कानस, मग बारीक कानस, मग पॉलिशपेपर.

शेवटच्या रविवारी मला वाटलं, झालं. उलटा पाहिला, खिडकीत पाहिला, सावली पाहिली. काकांच्या हातात दिला. त्यांना एव्हाना खिडकी कुठे आहे एवढंच दिसत होतं. त्यांनी पाइपकडे पाहिलंसुद्धा नाही. अंगठा वाटीच्या काठावरून खाली नेला, पोटावरून फिरवला, दांडीवरून नळीपर्यंत नेला आणि पुन्हा मागे आणला. एका जागी अंगठा थांबला. "इथे केसभर." मी तिथे पॉलिशपेपर तीन वेळा फिरवला. पुन्हा अंगठा. "आता थांब." माझा हात चौथ्यांदा जायला निघाला होता. त्यांनी तो मनगटाला धरून खाली ठेवला. "थांब म्हटलं ना! अजून एकदा फिरवशील तर पहिल्यापेक्षा वाईट."

आणि मीठ 'योग्य प्रमाणात' म्हणजे किती, ते मला त्या पडवीत कळलं. माप सांगता येत नाही, पण थांबायची जागा असते. ती आधी दिसत नाही. तिच्याजवळ गेल्यावर हात जड होतो. ज्याचा होतो त्याला नजर आली म्हणायचं.

पाइप मी अंकलच्या हातात दिला नाही. आंटीच्या हातात दिला आणि भोकाबद्दल खरं ते सांगितलं. तिनं वाटीतून उजेडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता व्हरांड्यात जाऊन तो अंकलच्या हातात ठेवला. अंकलनी तो आधी तळहातावर तोलला. मग दातांत धरला. नळीवरच्या दोन ठशांत दात आपापल्या जागी बसले. त्यांनी एक लांब श्वास आत ओढला. पाइपमधून नुसती हवा आली, केळीच्या वाडीतली. "ड्रॉ चांगला आहे," ते म्हणाले, आणि गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकून बसले.

या गोष्टीला आता आठ महिने झाले. रोज रात्री झोपण्यापूर्वी आंटी पाइपची वाटी नाकाशी धरून वास घेते आणि मग तो कपाटावर ठेवते. इतकं नियमित ऑडिट आमच्या शाखेचंही होत नाही. अजून एकही शेरा नाही.

मला मात्र या विद्येचा त्रास होतो. लोकलमध्ये समोरच्याच्या चष्म्याची काडी मोठी वाटते. बिल्डिंगच्या नव्या फाटकाचे खांब बुटके वाटतात. परवा एका लग्नात जेवणाच्या मांडवापेक्षा फोटोचं स्टेज मोठं दिसलं, आणि मी ते बोलून दाखवल्यावर सौ.नं माझं मनगट धरून खाली ठेवलं. थांबायची जागा तिलाही बरोबर कळते, आणि तिनं एकही साबण कोरलेला नाही.

मिस्त्रीकाकांच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं गेल्या महिन्यात झाली. पट्टी निघाल्यावर चार दिवसांनी मी त्यांना अंकलच्या व्हरांड्यात घेऊन गेलो. पाइप त्यांनी आता पहिल्यांदाच पाहिला. उलटा धरला, उजेडात धरला, एक डोळा मिटला, मग दुसरा. मी श्वास रोखून उभा होतो, बी.कॉम.च्या निकालाला एवढा थांबलो नव्हतो. काकांनी पाइप अंकलना परत दिला आणि म्हणाले, "हं."

त्यांच्या शब्दकोशात याच्यावर शब्द नाही. मी खुशीत त्यांच्याकडे पाहिलं, तर ते नव्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत होते. उलटं धरून बघावं तसं, निरखून. "अरे," ते म्हणाले, "पोट केवढं सुटलंय तुझं! उंचीच्या मानानं बघ जरा."

अंकल पाइप दातांत ठेवूनच म्हणाले, "जेवत जा. पण प्रमाणात."